गळतीचे कारण

माझ्याकडे १९७८ सालची बुलेट आहे. वडिलांनी ती १९८४ मध्ये वापरलेली म्हणून घेतली आणि त्यांच्यामागे ती माझ्या वाट्याला आली. वाट्याला आली म्हणजे काय, घर आणि शेत यांवर भावाभावांत जेवढे बोलणे झाले त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेही ह्या गाडीवर झाले नाही. ती कोणालाच नको होती. मला हवी होती असेही नाही. पण वडिलांच्या मांडीला धरून, टाकीवर बसून मी अर्धा खानापूर तालुका पाहिला होता, तेव्हा ती भंगारात घालणे मनाला येईना.

बुलेट ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. इंग्लंडातल्या रेडिच गावच्या कंपनीने १९५५ मध्ये मद्रासच्या भागीदारांना बरोबर घेऊन ही गाडी आपल्याकडे आणली. पुढे मूळची इंग्रज कंपनी बंद पडली आणि मद्रासचा कारखाना मात्र चालत राहिला. ओतीव लोखंडाचे ते जुने इंजिन २०१० च्या सुमारास निघायचे थांबले. त्या जुन्या इंजिनाविषयी बुलेटवाल्यांत एक विनोद आहे: गाडीखाली तेल दिसले नाही तर घाबरावे, कारण आतले तेल संपले असणार. हा विनोद मीही पुष्कळ वेळा सांगितला आहे. आपल्या चुकीवर पांघरूण घालायला विनोदाइतके सोयीचे दुसरे काही नाही, हे कळायला मला दीड वर्ष लागले.

गोष्ट जून २०२२ ची. मुलगी स्कूटर घेऊन कॉलेजला जाऊ लागली आणि मी फारशी वापरात नसलेली बुलेट बाहेर काढली. बेळगावहून खानापूरच्या बाजूला माझी शाळा वीस-बावीस किलोमीटरवर आहे. पहिल्याच आठवड्यात उजव्या पायाचा बूट तेलकट झाला. सिलिंडरच्या पायथ्याशी टॅपेटचे एक छोटे झाकण असते, तिथून तेल झिरपत होते. मी पाना घेऊन त्याचा नट आवळला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेल. पुन्हा आवळला. मग एका गॅरेजात नवे पॅकिंग घातले, वर शेलॅक लावले. उजवी बाजू कोरडी झाली आणि डाव्या बाजूच्या मोठ्या कव्हराखालून, ज्याच्या पोटात क्लच आणि चेन फिरते तिथून, थेंब पडू लागले. दुसऱ्या गॅरेजात ते कव्हर उघडून त्याचे रबर बदलले. मग तेल टॅपेटच्या झाकणातून परत आले. तिसऱ्या गॅरेजवाल्याने सगळीकडेच काळा लेप फासला. शाळेच्या आवारात जांभळाखाली माझी गाडी उभी असे, तिथे शिपाई सकाळी वाळू टाकी आणि संध्याकाळी काळी झालेली वाळू उचली. मुले त्या जागेला काय म्हणत ते मला माहीत आहे. इथे लिहीत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या आधी, कोणीतरी मला उद्यमबागेच्या मागच्या एका गल्लीतल्या मिस्त्रींचे नाव सांगितले. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. आपल्या भागातल्या कितीतरी माणसांसारखे मराठीत सुरू होऊन कानडीत संपणारे त्यांचे बोलणे, आणि मध्येच एखादे वाक्य हिंदीत. मी गेलो तेव्हा ते चहा पीत होते. "बसा की ओ सर," म्हणाले, आणि चहा संपेपर्यंत गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही. मी मात्र रोग्याच्या नातेवाइकासारखा सगळा इतिहास सांगत होतो: इथून गळते, मग तिथून गळते, हे बदलले, ते आवळले. ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारले, "खडू आहे काय खिशात?"

खडू मास्तरच्या खिशात असायचाच. त्यांच्या पोऱ्याने डिझेल आणि ब्रश घेऊन इंजिन धुतले, जुना लेप खरवडला, फडक्याने कोरडे केले. मिस्त्रींनी खडू कुटून त्याची पूड सगळ्या सांध्यांवर हाताने शिंपडली. काळे लोखंड पांढरे झाले. "मच्छेपर्यंत जाऊन या. सावकाश जाऊ नका."

परत आल्यावर ते खाली उकिडवे बसले. खडूच्या पांढऱ्या थरावर तेलाचे ओघळ स्पष्ट उमटले होते: टॅपेटच्या झाकणाशी, डाव्या कव्हराच्या तळाशी, वर रॉकरच्या झाकणाच्या कडेला, आणि टायमिंग कव्हराच्या एका कोपऱ्यात. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, एका ठिकाणी गळते तर पॅकिंगचा दोष. चार ठिकाणी एकदम गळते तर पॅकिंगचा दोष नव्हे, आत काहीतरी अडले आहे.

हे मला तेव्हा नीट कळले नाही, म्हणून त्यांनी समजावले आणि मी घरी येऊन हिशेब केला. ह्या इंजिनाच्या सिलिंडराचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. म्हणजे ३४६ घन सेंटिमीटर. आपण नेहमी पिस्टनच्या वरच्या बाजूचा विचार करतो, कारण स्फोट तिथे होतो, जोर तिथून मिळतो. पण पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या खालची तेवढीच हवाही दाबली जाते. मिनिटाला ३००० फेरे धरले तर हे सेकंदाला ५० वेळा घडते. दुहेरी सिलिंडरच्या काही इंजिनांत एक पिस्टन वर जाताना दुसरा खाली येतो आणि आतल्या आत भरपाई होते. एकाच सिलिंडरच्या इंजिनाला ती सोय नाही. म्हणून बुलेटच्या डाव्या अंगाला, सिलिंडरच्या पायथ्याजवळ, एक ब्रीदर ठेवलेला असतो. त्यात एकमार्गी झडप असते. दाबलेली हवा बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही, आणि त्यामुळे इंजिनाच्या पोटात दाब साठण्याऐवजी थोडी ओढच राहते. तेल सांध्यांतून बाहेर न येता आतच राहते. त्या हवेबरोबर थोडी तेलाची वाफ येते. ती एका रबरी नळीने मागे, चेनीकडे सोडलेली असते.

मिस्त्रींनी गाडी चालू ठेवायला सांगितली आणि त्या नळीच्या टोकाशी अंगठा नेला. तिथे फुक्‌ फुक्‌ असा वारा लागायला हवा. तो लागला नाही. त्यांनी नळी ओढून पुढे घेतली, पोऱ्याला पक्कड मागितली, आणि तिच्या तोंडातून एक बोल्ट उपसून माझ्या तळहातावर ठेवला. वर क्लिपही आवळलेली होती.

"उसिरु बिडाक जागा इल्ला, सर," ते म्हणाले. श्वास सोडायला जागाच नाही. "हे कोण शहाण्यानं केलं?"

मी "काय की" म्हणालो.

ते मी केले होते. २०२१ च्या दिवाळीत आम्ही ओसरीला नव्या फरश्या बसवल्या, पांढऱ्या. त्या नळीतून गाडी बंद केल्यावर चार-दोन थेंब पडत. सौ. बोलली, आणि तिचे चूक नव्हते. मी एक बोल्ट शोधला, नळीत ठोकला, क्लिप लावली, आणि कामाचा माणूस म्हणून त्या रात्री थोडा मिरवलोही. ओसरी स्वच्छ राहिली. त्या हिवाळ्यात गाडी क्वचितच निघाली, त्यामुळे काही कळले नाही; आणि जूनमध्ये तेल गळू लागले तेव्हा बोल्टची आठवणही उरली नव्हती. तीन गॅरेजवाल्यांना मी मनातल्या मनात अडाणी ठरवले. ज्याने नळी बुजवली तो माणूसच त्यांना गळती कुठे आहे ते बोट ठेवून दाखवत होता.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहितो आहे तिच्याकडे येतो. बोल्ट खिशात घालून मी घरी निघालो, आणि तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंत आलो असेन, तेव्हा मला आमच्या शाळेतला फळा आठवला.

आमच्या शाळेत पाण्याच्या नळाशेजारी भित्तिपत्रकाचा एक लाकडी फळा होता. मी मुख्याध्यापक होण्याच्या पुष्कळ आधीपासून आठवी ते दहावीची मुले दर पंधरा दिवसांनी त्यावर कागद चिकटवीत. दोन रकाने मराठी, एक कानडी. त्यात कविता असत, कबड्डीचे निकाल असत, आणि तक्रारी असत: नळाला पाणी नाही, दुपारच्या भातात खडे, अमुक सर तासाला उशिरा येतात. माझे एक व्यंगचित्र एकदा आले होते, चष्मा तोंडापेक्षा मोठा. ऑगस्ट २०२२ मध्ये शाळा तपासणीला एक अधिकारी आले. पाणी प्यायला नळाशी गेले आणि फळा वाचत उभे राहिले. हसूनच म्हणाले, "तुमच्या शाळेत बरेच काही चाललेले दिसते." बस्स, एवढेच. त्या संध्याकाळी मी फळा उतरवून घेतला. मुलांना सांगितले, रंगवायला काढला आहे. तो अडगळीच्या खोलीत सव्वा वर्ष भिंतीकडे तोंड करून उभा होता.

नळ स्वच्छ दिसू लागला. ओसरीसारखाच.

नोव्हेंबरपासून मुलांच्या मुतारीच्या भिंतीवर मजकूर येऊ लागला. आधी साधा, मग घाणेरडा. आम्ही रंग मारला. पुन्हा आला. पुन्हा रंग मारला. तिसऱ्या वेळी ऑईलपेंट मारला, म्हणजे पुसता येईल. मग तो बाकांवर आला, ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये नववीतला एक मुलगा हातात मार्कर असताना सापडला. त्याने आमच्या एका शिक्षिकेविषयी जे लिहिले होते ते वाचून त्या बाई शिक्षकखोलीत रडल्या. सगळे अक्षर त्याचे नव्हते, हे मला तेव्हाही दिसत होते. पण सापडला तो होता. बाप गोव्यात कामाला, वर्षातून दोनदा येणारा. आई आली, उभीच राहिली, खुर्चीवर बसली नाही. वर्ष संपल्यावर मुलाचा दाखला घेऊन जा, असे मी तिला सांगितले. एप्रिलमध्ये ती येऊन घेऊन गेली. त्या टापूत मराठी हायस्कूल आमचे एकच. दुसरे म्हणजे बसने नऊ किलोमीटर.

दाखल्यावर एक रकाना असतो: शाळा सोडण्याचे कारण. मी लिहिले, "पालकांच्या विनंतीवरून." सगळेच तसे लिहितात. मुलाचे पुढचे नुकसान होऊ नये म्हणून लिहितात, असेही म्हणता येते.

एम.ए.ला मला भारतीय तत्त्वज्ञानाचा एक पेपर होता. न्यायशास्त्रात कारणाचे तीन प्रकार सांगतात आणि त्याला कापडाचे उदाहरण देतात. धागे हे कापडाचे समवायी कारण, धाग्यांचा एकमेकांशी संयोग हे असमवायी कारण, आणि विणकर, माग वगैरे निमित्त कारण. परीक्षेपुरते मी हे पाठ केले होते. 'निमित्त' शब्द आपण व्यवहारात किती उलटा वापरतो, हे मात्र त्या दिवशी लक्षात आले. "मी काय, निमित्त झालो" असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला म्हणायचे असते की माझा काही संबंध नाही. शास्त्रात तर विणकरच निमित्त! ज्याने हात चालवला तो.

माझ्या इंजिनात तेल होते, वारा होता, पॅकिंग होते, आणि एक बोल्ट होता. गळती दिसली पॅकिंगपाशी, कारण वाऱ्याने जो सांधा सर्वांत कच्चा तोच निवडला. कच्चा सांधा हा दोष आहे का? आहेच. पक्का असता तर तिथून आले नसते; पण मग दुसरीकडून आले असते. म्हणजे गळती होणार की नाही हे बोल्टने ठरवले, आणि कुठे होणार एवढेच पॅकिंगने. आम्ही शिक्षक शिक्षा करतो ती बहुतेक 'कुठे' या प्रश्नाच्या उत्तराला.

इथपर्यंत येऊन मी थांबलो असतो तर हा लेख फार सोपा झाला असता, आणि मला तो खोटा वाटला असता. कारण मुलगा म्हणजे पॅकिंग नव्हे. पॅकिंगला वाऱ्याला नाही म्हणता येत नाही. त्याच वर्गात आणखी चाळीस मुले होती, त्यांचाही फळा गेला होता. त्यांनी सगळ्यांनी हाती मार्कर धरला नाही. आणि ज्या बाई रडल्या त्यांनी फळा उतरवला नव्हता. माझ्यावरचा राग त्यांच्यावर निघाला, कारण मुख्याध्यापकापेक्षा त्या सोप्या होत्या. त्यांना जाऊन "बाई, खरे कारण मी आहे, आतला दाब वाढला होता," असे सांगितले असते तर त्यांचे अश्रू काय परत गेले असते? हल्ली प्रत्येक गुन्ह्यामागची परिस्थिती सांगायची एक पद्धत पडली आहे. ती सांगावी, पण सांगून झाल्यावर गुन्हा विरघळून जातो असे समजू नये. परिस्थिती ही कारण असते, सबब नसते. माझ्या बाबतीतही नसते: अधिकारी हसले म्हणून मी फळा काढला, हे कारण झाले.

हे सगळे मी दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना सांगितले नाही. त्यांना फक्त विचारले, आता बोल्ट निघाला, तर गळती आपोआप थांबेल ना? बाकीचे खोलायला नको?

ते हसले. "नाही सर. पॅकिंग आता गेलं. दाबानं गेलं, पण गेलं. ते बदलायलाच पाहिजे." आणि मग त्यांनी टॅपेटचे झाकण काढून सपाट काचेवर ठेवले आणि एका कडेला बोट दाबले. झाकण डुगडुगले. मध्यावर एकच नट असतो. तो मी जितका आवळला तितके झाकण वाकत गेले होते. म्हणजे पहिल्या दिवशी जो सांधा थोडा ओलावत होता, तो माझ्या दुरुस्तीने खरोखर कामातून गेला होता. काचेवर बारीक पॉलिशपेपर पसरून, वर तेलाचा हात फिरवून, त्यांनी ते झाकण इंग्रजी आठच्या आकारात फिरवत जवळजवळ तासभर घासले. मधूनमधून उजेडात धरून बघत. डाव्या कव्हराचेही तेच केले. झडप डिझेलमध्ये धुतली, कडक झालेली नळी टाकून नवी घातली. शेलॅक अगदी नावाला. शेवटी नट लावताना पाना दोन बोटांत धरला. "एवढंच. घट्ट म्हणजे बंद असं नसतंय."

मजुरी त्यांनी सांगितली तेवढी दिली. वर काही देऊ केले ते घेतले नाही.

जुनी पॅकिंगे पोऱ्याने केराच्या टोपलीत टाकली, आणि ते बघताना मला पोटात कसेसे झाले. इंजिनाचे हे ठीक आहे. गेलेले पॅकिंग काढून टाकायचे, पाच-दहा रुपयांचे नवे घालायचे. मी शाळेत नेमके तेच केले होते. बोल्ट तसाच ठेवून.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर फळा परत नळाशी लावला. पहिल्या अंकात कानडी रकान्यात कोणीतरी विचारले होते की ह्या फळ्याला रंग द्यायला सव्वा वर्ष लागते तर शाळेच्या इमारतीला किती लागेल. गणित चांगले होते. मी शिक्षकांच्या बैठकीत त्या बाईंसमोर फळ्याची हकीकत सांगितली, मुतारीच्या भिंतीचा उल्लेख न करता. त्यांना समजले. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांनी बोलावे अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकार नव्हता.

मुतारीच्या भिंतीवरचा मजकूर पूर्ण थांबला असे सांगितले तर कोणी विश्वास ठेवू नये. कमी झाला.

डिसेंबरात एका रविवारी मी त्या मुलाच्या घरी गेलो. बुलेटवरूनच. आईने पाट दिला, चहा केला. मी म्हणालो, दहावीचे वर्ष आहे, पण अजूनही काही करता आले तर मी स्वतः कार्यालयात जाऊन बघतो. नाहीतर परीक्षेपर्यंत संध्याकाळी शाळेत अभ्यासाला येऊ दे. ती मुलाकडे बघू लागली. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, वर्षात चांगला उंच झालेला.

"नको सर," तो म्हणाला. "तिथं बरं आहे."

मी फळ्याचे सांगितले. बाईंविषयी तू लिहिलेस ते चुकीचेच होते, हेही सांगितले. त्याने मान खाली घातली. आणि तुला दाखला देताना मी घाई केली, तेही माझे चुकले, हे सांगितले. मुख्याध्यापकाने असे म्हटल्यावर काय करायचे असते हे त्याला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. चहा थंड झाला होता, तो मी प्यालो.

२०२४ मध्ये तो त्या दुसऱ्या शाळेतून दहावी पास झाला, असे गावातून कळले. आमच्या दप्तरात त्याच्या नावापुढे शाळा सोडण्याचे कारण अजून "पालकांच्या विनंतीवरून" असेच आहे. दप्तरातली नोंद खोडता येत नाही. लाल शाईने शेरा मारून, तारीख घालून सही करता येते. तो शेरा कसा लिहावा याचे दोन-तीन मसुदे मी करून ठेवले आहेत.

गाडी ठीक आहे. उजवा बूट कोरडा असतो. नळीतून चार-दोन थेंब पडतात, त्याखाली सौ.ने दूध पावडरचा एक रिकामा डबा ठेवला आहे.